महिलांचं स्की जंपिंग : गर्भाशय, गुडघा आणि 2006 चा नकार

1924 च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं स्की जंपिंग (बर्फाळ टेकडीच्या उतारावरून स्कीवर वेगाने येऊन लांब उडी मारणं) होतं. महिलांचं आलं 2014 साली, सोचीला. नॉर्वेत 1860 च्या दशकातही एका मुलीने स्पर्धेत उडी मारल्याची नोंद आहे, पण खरा गुंता अलीकडचाच.

जुना आक्षेप गर्भाशयाला धक्का बसण्याचा. पुरावा कसलाच नाही. तरी 2005 मध्ये या खेळाच्या जागतिक महासंघाचे प्रमुख जाहीरपणे म्हणाले, की वर्षाला हजारेक वेळा दोन मीटरवरून जमिनीवर उतरणं बायकांना वैद्यकीयदृष्ट्या योग्य वाटत नाही. तोवर महिला 1996 पासून तीन ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडी मारून झाल्या होत्या. स्की जंपर निदान उतारावर उतरतो. तिहेरी उडीत सपाट धावपट्टीवर एकेका पायावर आपटायचं असतं.

त्याच महासंघाने मे 2006 मध्ये मात्र 2009 पासून महिलांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घ्यायचं ठरवलं आणि 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकसाठी शिफारसही केली. नोव्हेंबर 2006 मध्ये ऑलिंपिक समितीने ती फेटाळली. आता गर्भाशयाचा उल्लेख नाही. खेळाडू कमी, देश कमी, आधी दोन जागतिक स्पर्धा झालेल्या नाहीत, ही कारणं. पहिलीच स्पर्धा 2009 ला होणार असताना 2010 च्या आधी दोन कुठून आणायच्या? शिवाय महिला मॅरेथॉनला 1984 मध्ये ही अट आड आली नव्हती. खेळाडू कॅनडातल्या कोर्टात गेल्या. 2009 च्या निकालात भेदभाव झाल्याचं मान्य झालं, पण ऑलिंपिक समिती कॅनडाच्या हक्कांच्या सनदेच्या कक्षेबाहेर, म्हणून हाती काही पडलं नाही. व्हँकुव्हरच्या खेळांआधी तिथल्या छोट्या टेकडीवरचा विक्रम, 105.5 मीटर, पुरुषांसकट सगळ्यांत एका अमेरिकन महिलेच्या नावावर होता.

स्त्री-पुरुष फरक नाही असं नाही. लांब उडीत 8.95 विरुद्ध 7.52 मीटर, म्हणजे सुमारे सोळा टक्के. वयात आल्यावर पायांच्या स्नायूंत पडणारं अंतर तिथे थेट दिसतं. स्की जंपिंगमध्ये ताशी नव्वदेक किलोमीटरचा वेग उतारच देतो आणि हवेत हलकं शरीर कामाला येतं. टेक-ऑफचा जोर कमी पडतो, म्हणून महिलांना बहुधा वरच्या गेटवरून, म्हणजे उतारावर जास्त उंचीवरून सोडतात. 2025 मध्ये सर्वांत लांब उड्यांचे दोन्ही विक्रम एकाच स्लोव्हेनियन घरात गेले: बहिणीची 236 मीटर, भावाची 254.5. टेकड्या वेगळ्या, त्यामुळे तुलना ढोबळच. तरी अंतर सात टक्क्यांच्या आसपास.

काळजी करायचीच तर गुडघ्याची करायला हवी होती. उडी मारून उतरावं लागणाऱ्या खेळांत मुलींचा एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) मुलांपेक्षा जास्त वेळा फाटतो, कारण उतरताना त्यांचा गुडघा आत वळण्याकडे कल असतो. 1990 च्या दशकाअखेरीस अमेरिकेत दिसून आलं, की उडी आणि लँडिंगचं खास प्रशिक्षण दिलं तर या दुखापती घटतात. मांडीमागचे स्नायू बळकट करणं आणि गुडघा पंजाच्या रेषेत ठेवून मऊ उतरणं हा सराव आता उडीच्या अनेक खेळांत रुळलाय. 2005 च्या त्या विधानात यातलं काहीच नव्हतं.

2026 पासून महिला ऑलिंपिकमध्ये मोठ्या टेकडीवरूनही उड्या मारतात. उडी आणि स्की-धाव एकत्र असलेल्या नॉर्डिक कंबाइन्डमध्ये मात्र त्यांना 2026 ला जागा नव्हती. 2022 मध्ये सांगितलेली कारणं : देश कमी, प्रेक्षक कमी.