पुडीतलं यीस्ट, रक्तातलं यीस्ट

गोव्यात यीस्ट कुणाला नवं नाही. रेंदेराने सकाळी माडावरून उतरवलेला सूर, म्हणजे माडी, दुपारपर्यंत फसफसतो, आणि याच सुरावर पाव भाजणाऱ्या पोदेरांच्या कित्येक पिढ्यांनी उंड्यांचं, म्हणजे गोल पावांचं, पीठ फुगवलं. त्या फसफसण्यात मोठा वाटा सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टचा. त्यामुळे केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या रक्तात यीस्ट सापडलं, असं इस्पितळात सांगतात तेव्हा घरच्यांना ते खरंच वाटत नाही.

याच यीस्टचा एक भाऊबंद औषध म्हणून मिळतो. १९२० च्या सुमारास आंरी बुलार हे फ्रेंच शास्त्रज्ञ इंडोचायनात होते. कॉलऱ्याच्या साथीत तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा उपाय करतात, हे पाहून त्यांनी सालींवरचं यीस्ट वेगळं काढलं. जुलाबावर ते आजही पुडीतून देतात आणि बहुतेकांना मानवतं. घात होतो तो आयसीयूत. मानेच्या शिरेत नळी घातलेल्या रुग्णाच्या उशाशी पुडी फाडली की भुकटी उडते, बोटांना चिकटते. तीच बोटं नळीला लागली की यीस्ट थेट रक्तात. अशा नोंदी साठल्यावर २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने अत्यवस्थ आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना हे औषध देऊ नये, असं बजावलं. मला हे प्रत्येक नातेवाइकाला सांगावंसं वाटतं, कारण प्रेमापोटी पुडी घेऊन जाणारे आपणच असतो.

क्रिप्टोकोकस या दुसऱ्या यीस्टची गोष्ट जुनी. १८९४ मध्ये जर्मनीत ओटो बुसे यांना ते एका स्त्रीच्या नडगीच्या हाडात सापडलं, त्याच वर्षी इटलीत सानफेलिचे यांना पीचच्या रसात. कबुतरांच्या विष्ठेतही ते वाढतं. एड्स येईपर्यंत त्याचे रुग्ण विरळाच. मग मेंदूज्वर घेऊन माणसं येऊ लागली. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, की चंद्राला खळं पडावं तशी प्रत्येक पेशीभोवती उजळ कडा दिसते. गोव्यात १९८९ मध्ये डॉमनिक डिसोझा यांना केवळ एचआयव्ही आहे म्हणून ६४ दिवस डांबून ठेवलं होतं. अशा धास्तीने तपासणी लांबते, आणि प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडी४ पेशी रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे शंभराखाली गेल्या की हे यीस्ट डोकं वर काढतं.

कॅन्डिडा ऑरिस हे तिसरं यीस्ट २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून ओळखलं गेलं. २०१३ पर्यंत दिल्लीच्या इस्पितळांतूनही त्याच्या नोंदी आल्या. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं नेहमीचं औषध त्याच्यावर बहुधा चालत नाही.

यीस्ट हीसुद्धा बुरशीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १९ धोकादायक बुरशींची यादी काढली. क्रिप्टोकोकस आणि ऑरिस तिच्या पहिल्याच गटात आहेत. सुरातलं यीस्ट त्या यादीत नाही.