बडोद्यात कलाभवन, आखाडा आणि वाडा एकाच गोष्टीत का येतात

माझी भाची इथे इंजिनिअरिंगला आहे. त्यांच्या ग्रुपने प्रोजेक्टला रावपुऱ्यातला एक जुना वाडा घेतलाय, लेझरच्या मीटरने मापं घेतात, खांबांचे शेकडो फोटो काढून कॉम्प्युटरवर मॉडेल बनवतात, आणि तिची रूममेट न्यूट्रिशनची, ती होस्टेलच्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासतेय. परवा जेवताना म्हणाली, "मामा, हे असं सगळ्या विषयांचं एकत्र काम आत्ता कुठे सुरू झालंय." मी म्हटलं अगं, निदान बडोद्यात तरी नाही, इथे याला शंभर वर्षं होऊन गेलीत.

सयाजीराव महाराज १८८१ ला कारभार हातात घेतात तिथून धरा. नाशिककडच्या कवळाण्याचा मुलगा, १८७५ ला दत्तक आलेला. त्यांनी १८९३ मध्ये अमरेलीकडे सक्तीचं शिक्षण करून पाहिलं आणि १९०६ ला अख्ख्या संस्थानात लागू केलं. आता मुलं कायद्याने शाळेत आणून बसवली की ती काय शिकणार, कोणत्या भाषेत शिकणार आणि त्यांच्या अंगात ताकद किती, हे प्रश्न मागोमाग येणारच.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर म्हणजे १८९० चं कलाभवन, कारागिरी आणि तंत्र शिकवणारी संस्था. त्रिभुवनदास गज्जर हे सुरतेचे, रसायनशास्त्राचे प्रोफेसर, त्यांचा आग्रह असा की रंगाऱ्याच्या, सुताराच्या, विणकराच्या मुलाला तंत्र शिकवायचं तर त्याच्या भाषेत शिकवा, त्यासाठी शब्द नसतील तर शब्द तयार करा. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. रंगाई, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, ड्रॉइंग सगळं एका ठिकाणी, दादासाहेब फाळके सुद्धा इथेच शिकून गेले. आजच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीचं मूळ हेच.

आणि तिसरा प्रश्न, शरीराचा. बडोद्यात आखाडे आधीपासून होते, सयाजीरावांच्या आधीच्या खंडेराव महाराजांना कुस्तीचं वेडच होतं, पण जुम्मादादांच्या व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी जे केलं ते वेगळं, शेकडो मुलांना एका हुकमावर एकत्र कवायत करायला लावली, आणि मोडलेलं हाड बसवून घ्यायलाही लोक त्यांच्याकडे यायचे. आमचे आजोबा लहानपणी मल्लखांब करायचे. खांबाला एरंडेल चोळताना तळहाताला लाकडाची नस कशी लागते आणि तेल जास्त झालं तर पकड कशी सुटते हे ते हातानेच करून दाखवायचे, तोंडाने सांगता यायचं नाही त्यांना. अशी विद्या वस्ताद गेला की त्याच्याबरोबरच जाते. म्हणूनच दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदारांचं काम बघून मी थक्क होतो, या माणसाने कुस्ती, मल्लखांब, लाठी, देशी खेळ सगळं गोळा करून मराठीत व्यायाम ज्ञानकोश काढला, दहा खंड, बडोद्यातूनच, १९३६ ते १९४९. वारसा नोंदवणं म्हणजे फक्त दगडविटांची नोंद नव्हे, माणसाच्या अंगात मुरलेलं सुद्धा लिहून ठेवावं लागतं, हे त्यांनी तेव्हा करून दाखवलं.

ज्ञानकोश पूर्ण झाला त्याच १९४९ ला महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. पुढच्याच वर्षी पुरातत्त्व विभाग निघाला, सुब्बारावांच्या हाताखाली, मग र. ना. मेहतांनी चांपानेरला उत्खनन केलं, ते चांपानेर २००४ ला जागतिक वारसा यादीत गेलं. होम सायन्सही हंसाबेनच्या काळातलंच. त्याच फॅकल्टीच्या न्यूट्रिशनवाल्यांनी वडोदऱ्याच्या वस्त्यांमधल्या १० ते १८ वयाच्या मुलींना तीन महिने रोज लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, तर नुसतं हिमोग्लोबिनच नाही, वजनही जास्त वाढलं, हे संशोधन २००० साली छापून आलं. रूममेटचं काम त्याच वाटेवरचं आहे, तिला बहुतेक माहीत असेलच.

वाड्यांचं मात्र मागे राहिलं. तांबेकर वाडा वाचला, भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ दिवाण होते त्यांचं घर, भिंतीभर चित्रं आहेत, पुरातत्त्व खात्याने ताब्यात घेतला म्हणून वाचला. बाकीचे बरेच वाटण्यांमध्ये गेले, पडले, तिथे कॉम्प्लेक्स झाले, आणि बहुतेकांचा साधा नकाशाही कोणी काढून ठेवला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

भाचीच्या वाड्यातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या. मुलं सोप्याची लांबी मीटरमध्ये मोजत होती तर त्या म्हणाल्या, "अरे पाच खणी आहे हा, मधला खण मोठा, तिथे देव बसायचे." दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, वाडा बांधणारा सुतार त्यातच हिशोब करायचा, मुलांना हे माहीतच नव्हतं. भाचीने त्याच दिवशी मापांच्या शीटमध्ये मीटरच्या शेजारी खणांचा वेगळा कॉलम केला, आणि कडी, तुळई, खांबाखालची तळखडी असे आजींनी सांगितलेले शब्द मॉडेलमध्ये जागच्या जागी टाकतेय. माडीचे अजून राहिलेत, आजींना जिना चढवत नाही म्हणून रविवारी फोनवर व्हिडिओ लावून विचारणार आहे.