द ट्रबल विथ हॅरी

आल्फ्रेड हिचकॉक (१८९९–१९८०) यांनी दिग्दर्शित केलेला अमेरिकन रंगीत चित्रपट (१९५५). निर्मिती हिचकॉक यांचीच, वितरण पॅरामाउंटचे. पटकथा जॉन मायकल हेझ, छायालेखन रॉबर्ट बर्क्स, संगीत बर्नार्ड हरमन. जॅक ट्रेव्हर स्टोरी या इंग्रज लेखकाच्या याच नावाच्या छोटेखानी कादंबरीवर तो बेतलेला आहे. कादंबरीचे प्रकाशनवर्ष बहुतेक ठिकाणी १९४९, तर क्वचित १९५० असे दिलेले आढळते. पहिले अधिक ग्राह्य वाटते.

गुन्हा लपवणाऱ्या मित्रमंडळींवरील काळ्या विनोदाच्या, म्हणजे मृत्यूसारख्या गंभीर गोष्टीवर हसवणाऱ्या, चित्रपटांत याची गणना नेहमी होते. ती करताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक, प्रेताची भानगड सुरू होते तेव्हा ही माणसे मित्र नसतात, फार तर तोंडओळखीची असतात. प्रेत पुरता पुरता त्यांची मैत्री होते. दुसरे, लपवण्यासारखा खून मुळात घडलेलाच नसतो. चोराच्या मनात चांदणे म्हणतात; इथे चोरीच झालेली नाही, चांदणे मात्र तिघांच्या मनात पडलेले आहे.

कथानक : व्हर्माँट राज्यातील हायवॉटर या काल्पनिक खेड्यात, ऐन पानगळीत, टेकडीवर हॅरी वॉर्प मरून पडलेला आहे. सशांच्या शिकारीला निघालेला म्हातारा कॅप्टन वाइल्स तीन गोळ्या झाडून बसला आहे. एक पत्र्याच्या डब्याला लागली, एक ‘शिकारीस मनाई’च्या पाटीला, तिसरी हॅरीलाच लागली असणार, अशी त्याची समजूत होते. गावातील प्रौढ अविवाहित मिस ग्रेव्हली हिने हॅरीच्या डोक्यात बुटाची टाच हाणलेली असते, तर हॅरीची दुरावलेली बायको जेनिफर हिने त्याआधी दुधाची बाटली. सॅम मार्लो हा चित्रकार निर्दोष असतो, पण प्रेताच्या चेहऱ्याचे रेखाटन करून बसल्यामुळे तोही अडकतो. जो तो आपल्या किंवा दुसऱ्याच्या भल्यासाठी हॅरीला पुरायला अथवा उकरायला निघतो. हे पुरणे-उकरणे तीन-तीन वेळा तरी होते. शेवटची खेप लग्नासाठी : नवरा मेल्याचे सिद्ध झाल्याशिवाय जेनिफरला सॅमशी लग्न करता येत नाही. अखेर डॉक्टर सांगतात, की मृत्यू हृदयविकाराने झाला. मग हॅरीचे कपडे धुऊन, इस्त्री करून त्याला पुन्हा टेकडीवर ठेवले जाते, म्हणजे जेनिफरच्या लहान मुलाला तो ‘नव्याने’ सापडावा. या मुलाचा ‘काल’ आणि ‘उद्या’ यांत नेहमी गोंधळ होत असल्याने त्याच्या साक्षीवर कोणी विसंबणार नाही, हा हिशेब.

कायद्याच्या काटेकोर अर्थाने पाहता चित्रपटातील खरे गुन्हे हे एवढेच : प्रेत दडवणे आणि पुरावा नष्ट करणे. डेप्युटी शेरीफ कॅल्व्हिन विग्ज ते रेखाटन पुरावा म्हणून घेऊन येतो, तेव्हा सॅम कलेवर व्याख्यान देत देत खडूने चेहऱ्याचे डोळे-तोंड बदलून टाकतो. पुरावा पोलिसाच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो आणि त्याला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. लपवालपवीचा इतका निवांत प्रसंग चित्रपटांत विरळा.

प्रकार आणि त्याचे मूळ : या चित्रपटाला ‘ब्लॅक कॉमेडी’ म्हणण्याचा प्रघात आज सर्रास असला, तरी १९५५ च्या सुमारास इंग्रजीत हे नाव इतके रुळलेले नव्हते. ‘काळा विनोद’ ही संज्ञा प्रचारात आणण्याचे श्रेय सामान्यतः फ्रेंच अतिवास्तववादी आंद्रे ब्रेताँ यांना दिले जाते. अशा विनोदी वेच्यांचे त्यांचे संकलन १९४० चे, परंतु व्हिशी राजवटीने (दुसऱ्या महायुद्धातील फ्रान्सच्या जर्मनधार्जिण्या सरकारने) अडवल्यामुळे ते वाचकांपर्यंत पोहोचले युद्धानंतरच. त्यात आरंभीच अठराव्या शतकातील उपरोधकार जोनाथन स्विफ्ट यांना स्थान आहे, म्हणजे नाव नवे असले तरी वस्तू जुनी, हे ब्रेताँ यांनाही मान्य होते. अमेरिकेत ही संज्ञा वाङ्मयीन चर्चेत पक्की झाली ती १९६५ मध्ये ब्रूस जे फ्रीडमन यांनी संपादित केलेल्या संग्रहानंतर.

या चित्रपटाची परंपरा कोणती, याबद्दल मात्र एकमत नाही. एक मत त्याला जोसेफ केसलरिंग यांच्या ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ (१९४१ मध्ये रंगभूमीवर, चित्रपट १९४४) या अमेरिकन प्रहसनाच्या रांगेत बसवते; तिथेही भल्या म्हाताऱ्या आहेत आणि तळघरात पुरलेली प्रेते आहेत. दुसरे मत त्याला ब्रिटनच्या ईलिंग स्टुडिओच्या विनोदपटांजवळ नेते, विशेषतः ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) जवळ. दुसऱ्या मताला आधार अधिक आहे. मूळ कादंबरी इंग्रजी खेड्यातली आहे. हेझ यांनी स्थळ बदलले, बोलण्याची ढब फारशी बदलली नाही. केसलरिंग यांच्याकडे धावपळ आणि आरडाओरडा आहे, इथे कोणी आवाजही चढवत नाही. प्रेताचे पाय धरून ओढत नेणाऱ्या कॅप्टनला मिस ग्रेव्हली गाठते आणि काही अडचण आहे का, एवढेच विचारते. पाठोपाठ त्याला घरी कॉफीला बोलावते. त्यासाठी दुकानातून पुरुषी मापाचा कप घेताना ती सॅमला कपाच्या कानात बोट घालून पाहायला लावते. साहित्यशास्त्रात जिला अल्पोक्ती (मोठी गोष्ट मुद्दाम कमी करून सांगणे) म्हणतात, तिच्यावर सारा डोलारा उभा आहे, आणि हिचकॉक यांनीही फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत (१९६२) या चित्रपटाकडे असेच पाहिले आहे. भयनाट्याला काळोख्या रात्रीतून बाहेर काढून उन्हात आणावे, हा त्यामागचा विचार होता.

काही अभ्यासक हॅरीच्या वारंवार ‘वर येण्यात’ ख्रिस्ती पुनरुत्थानाचे रूपक शोधतात. पानगळ, पुरणे, उकरणे आणि अखेरची लग्ने पाहता ते अगदीच निराधार नाही. पण फार ताणले, की विनोद हातचा जातो.

हिचकॉक यांच्याच ‘रोप’ (१९४८) मध्ये दोन मित्र वर्गबंधूचा गळा आवळून प्रेत पेटाऱ्यात ठेवतात आणि त्यावरच पाहुण्यांना जेवण मांडतात. तिथे गुन्हा खरा आहे आणि मैत्री त्यानेच कुजते. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले, तर एकाच सूत्राची उलटसुलट बाजू दिसते.

निर्मिती : चित्रण १९५४ च्या शरदात व्हर्माँटमध्ये, मुख्यतः क्राफ्ट्सबरी परिसरात, सुरू झाले. पॅरामाउंटने त्याच वर्षी आणलेली व्हिस्टाव्हिजन पद्धत यासाठी वापरली. तीत ३५ मिमी. फिल्म उभी न धावता आडवी धावते आणि एका चौकटीला फिल्मच्या कडेच्या चारऐवजी आठ छिद्रांची लांबी मिळते. त्यामुळे चित्र अधिक नितळ उमटते. लाल-पिवळ्या पानांच्या चित्रपटाला हे सोयीचे होते. प्रत्यक्षात पाऊस-वाऱ्याने पाने ऐनवेळी झडून गेली. पावसासाठी आडोसा म्हणून एका व्यायामशाळेत देखावे उभारले, तर पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजाने ध्वनिमुद्रण निकामी झाले. उरलेले काम हॉलिवुडच्या स्टुडिओत झाले, आणि व्हर्माँटहून आणलेली पाने तिथल्या झाडांना चिकटवण्यात आली. श्रेयनामावलीतील लांबलचक रेखाचित्र सॉल स्टाइनबर्ग यांचे. पडद्यावर सॅमची म्हणून दिसणारी चित्रे जॉन फेरेन यांची.

हरमन यांचे हिचकॉक यांच्यासाठीचे हे पहिले काम; एकूण सात चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. शर्ली मॅक्लेन (जेनिफर) यांचाही हा पहिला चित्रपट. कॅप्टनच्या भूमिकेत एडमंड ग्वेन, मिस ग्रेव्हली मिल्ड्रेड नॅटविक, सॅम जॉन फोर्सिथ.

प्रतिसाद : अमेरिकेत चित्रपट चालला नाही, फ्रान्समध्ये बऱ्यापैकी चालला. तिथले त्याचे नाव मात्र ‘पण हॅरीला मारले कुणी?’ अशा अर्थाचे आहे, आणि ज्या प्रश्नात चित्रपटाला जवळजवळ रसच नाही तोच त्यात पुढे आला आहे. पुढे ‘रोप’, ‘रिअर विंडो’, ‘द मॅन हू न्यू टू मच’ (१९५६) आणि ‘व्हर्टिगो’ यांच्यासह याचेही हक्क हिचकॉक यांच्याकडे आले आणि हे पाचही चित्रपट वर्षानुवर्षे दाखवले गेले नाहीत. ते पुन्हा प्रदर्शित झाले १९८३-८४ मध्ये, दिग्दर्शकाच्या मृत्यूनंतर.

योगायोगाने १९८३ मध्येच कुंदन शाह यांचा मुंबईत घडणारा हिंदी चित्रपट ‘जाने भी दो यारों’ आला. त्यातही एक प्रेत चित्रपटभर फिरते, थेट महाभारताच्या नाट्यप्रयोगात द्रौपदी होऊन. दोहोंची तुलना अधूनमधून होते, पण उसनवारी मानण्याजोगे काही दिसत नाही. त्यातील उघड अभिवादन इटालियन दिग्दर्शक आंतोनिओनी यांच्या ‘ब्लो-अप’ला (१९६६) आहे. शिवाय मुंबईतले ते दोन छायाचित्रकार मित्र प्रेत लपवत नसून पुरावा म्हणून जपत असतात, आणि खून तिथे खरोखरच झालेला असतो.