आमांशाच्या औषधरोधक जीवाणूंचे शहरस्तरीय सर्वेक्षण

रक्त व आव पडणाऱ्या जुलाबांना कारणीभूत होणाऱ्या जीवाणूंवर, मुख्यतः शिगेला गटावर, कोणती प्रतिजैविके अजून लागू पडतात आणि कोणती निष्प्रभ झाली आहेत, याची शहरात सातत्याने केलेली तपासणी व नोंद. किओशी शिगा यांनी जपानमधील १८९७ च्या साथीत या गटातील पहिला जीवाणू शोधला. डिसेंटेरी, फ्लेक्सनेरी, बॉयडी आणि सोनेई या शिगेलाच्या चार जाती आहेत. दहा ते शंभर एवढे थोडे जीवाणूही संसर्गाला पुरतात. त्यामुळे दाट वस्तीत, पाळणाघरांत आणि सामायिक शौचालये असलेल्या भागांत हा रोग हातोहात पसरतो.

१९५० च्या दशकात जपानमध्ये एकाच वेळी अनेक औषधांना न जुमानणारे शिगेला आढळू लागले आणि ही रोधकता ई. कोलायसारख्या आतड्यातील इतर जीवाणूंकडून प्लास्मिडांद्वारे (एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांद्वारे) मिळू शकते, हे तेथील संशोधकांनी दाखवून दिले. म्हणूनच दहा वर्षांपूर्वीच्या निष्कर्षांवर आजचे उपचार ठरवणे धोक्याचे असते. सल्फा औषधे, टेट्रासायक्लिन, अँपिसिलिन, को-ट्रायमोक्झाझोल आणि नॅलिडिक्सिक आम्ल ही औषधे एकामागून एक अनेक ठिकाणी निकामी झाली. पुढे सिप्रोफ्लॉक्सॅसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन यांनाही रोधकता दिसू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या औषधरोधक जीवाणूंच्या यादीत फ्लुरोक्विनोलोनरोधक (सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातील औषधांना न जुमानणाऱ्या) शिगेलाला उच्च प्राधान्याच्या गटात ठेवले आहे.

सर्वेक्षणाची खरी कसोटी नमुना घेतानाच लागते. शौचाचा नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यावा लागतो. शौचात शिगेला फार काळ तग धरत नाही, त्यामुळे नमुना लगेच संवर्धनाला (प्रयोगशाळेत जीवाणू वाढवायला) लावावा किंवा कॅरी-ब्लेअर या नमुने नेण्यासाठीच्या माध्यमात घालून थंड ठेवून प्रयोगशाळेत पोहोचवावा. या टप्प्यावरील ढिलाईमुळे रोग असूनही अहवाल ‘जीवाणू आढळले नाहीत’ असा येतो. संवर्धनात वाढलेल्या जीवाणूची जात व उपप्रकार ठरवल्यावर प्रतिजैविकाच्या चकत्यांभोवती वाढ किती रोखली जाते, हे मोजतात. येथे एक फसवी जागा आहे: अमिनोग्लायकोसाइडे आणि पहिल्या दोन पिढ्यांची सेफॅलोस्पोरिने ही प्रतिजैविके चाचणीत प्रभावी दिसली, तरी रुग्णात ती गुणकारी ठरत नाहीत, म्हणून अहवालात जीवाणू त्यांना ‘संवेदनक्षम’ (म्हणजे ते औषध त्याला लागू पडते) असे लिहू नये.

रोधकतेची टक्केवारी वाचताना ती कोणत्या रुग्णांवरून काढली, हे आधी पाहिले पाहिजे. पहिल्या औषधाने बरे झालेल्यांचा नमुना बहुधा घेतलाच जात नाही आणि उपचार फसलेले रुग्ण मोठ्या रुग्णालयात येतात, त्यामुळे केवळ अशा रुग्णालयांतील आकडे रोधकता वाढवून दाखवतात. ठरावीक दवाखान्यांत रक्तमिश्रित जुलाबाच्या प्रत्येक रुग्णाचा, किंवा ठरलेल्या क्रमाने दर काही रुग्णांमागे एकाचा, नमुना घेणे आणि एका रुग्णाच्या एका आजारपणातील जीवाणू एकदाच मोजणे हा त्यावरचा उपाय आहे. आकडे जातिनिहाय मांडणेही आवश्यक आहे, कारण फ्लेक्सनेरी व सोनेई यांची रोधकता सारखी नसते आणि राहणीमान सुधारते तसे सोनेईचे प्रमाण सामान्यतः वाढते.

जीवाणूचा संपूर्ण जनुकक्रम वाचल्यास वेगवेगळ्या भागांतील रुग्ण एकाच संसर्गसाखळीतील आहेत का, हे कळते. सांडपाण्याच्या तपासणीने शहराचा मोठा भाग एकदम पाहता येतो. मात्र शिगेला ओळखण्यासाठी वापरले जाणारे आयपीएएच जनुक आतड्याच्या पेशींत शिरणाऱ्या ई. कोलायमध्येही असते आणि सांडपाण्यात सापडलेले रोधकतेचे जनुक नेमके कोणत्या जीवाणूचे आहे, हे सहसा सांगता येत नाही. त्यामुळे औषधनिवडीसाठी रुग्णाच्या नमुन्याचे संवर्धन टाळता येत नाही.