फ्युजन-ईपी (पदव्युत्तर अभ्यासक्रम)

फ्युजन-ईपी हा केंद्रकीय संमीलन (हलकी केंद्रके जोडून ऊर्जा मिळवणे) व अभियांत्रिकी भौतिकी या विषयांतला दोन वर्षांचा, १२० ईसीटीएस (युरोपीय श्रेयांक पद्धत) श्रेयांकांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम. युरोपातील अनेक विद्यापीठे तो मिळून चालवतात आणि युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस योजनेचा त्याला आधार आहे. अनुदानाच्या फेऱ्यांबरोबर भागीदारांची यादी बदलत आली आहे. बेल्जियममधील घेंट, जर्मनीतील स्टुटगार्ट, फ्रान्समधील एक्स-मार्सेय आणि लॉरेन, माद्रिदचे कार्लोस तृतीय आणि प्रागचे चेक तांत्रिक विद्यापीठ ही त्यातली नावे. पहिले वर्ष एका देशात, दुसरे वर्ष दुसऱ्या देशात आणि शेवटच्या सत्रात प्रबंध, अशी मांडणी असते. एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरतात. म्हणजे ३० श्रेयांकांच्या एका सत्रात ७५० ते ९०० तास जातात, आणि ते खरोखरच जातात.

अभ्यासाचा आवाका

ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड समस्थानिकांच्या संमीलनातून १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते. त्यातली ३.५ हेलियमच्या केंद्रकाकडे राहते आणि प्लाझ्मा (आयनीभूत तप्त वायू) तापवायला उपयोगी पडते. उरलेली १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्याने चुंबकीय क्षेत्र त्याला अडवत नाही, तो थेट भिंतीत घुसतो. अभ्यासक्रमाची दोन अंगे इथेच फुटतात. प्लाझ्मा कोंडून कसा ठेवायचा हे पहिले अंग: चुंबकद्रवगतिकी, उष्णता व कणांचे वहन, तापनाच्या पद्धती, मापनतंत्र. भिंतीपासून पुढे काय होते हे दुसरे: पदार्थविज्ञान, न्यूट्रॉनिक्स (न्यूट्रॉनच्या प्रवासाचा अभ्यास), अतिवाहक चुंबक, निर्वाततंत्र, ट्रिटियमची निर्मिती.

भौतिकशास्त्रातून आलेले विद्यार्थी पहिल्या अंगात रमतात आणि दुसऱ्याला ऐच्छिक विषय समजून टाळतात. हे नुकसानीचे आहे. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे. निसर्गात तो नगण्य असतो, आणि १ गिगावॅट संमीलन शक्ती वर्षभर अखंड चालवायची तर त्याचे सुमारे ५५ किलो लागतात. तो संमीलन अणुभट्टीतच लिथियमवर न्यूट्रॉन आदळवून तयार करावा लागेल. हे गणित जमले नाही तर प्लाझ्मा कितीही उत्तम कोंडला तरी वीजकेंद्र उभे राहत नाही. यांत्रिकी शाखेतून आलेल्यांची अडचण उलटी असते: व्हेक्टर कॅल्क्युलस, मॅक्सवेलची समीकरणे आणि सांख्यिकीय भौतिकी कच्ची असेल तर पहिल्या सत्रातच दमछाक होते. निघण्यापूर्वी एवढे पक्के करावे आणि पायथनमध्ये डेटा वाचणे, गाळणे, त्याचे संकलन (इंटिग्रेशन) करणे हाताखालचे करून घ्यावे.

प्रात्यक्षिक: गोलेम टोकामॅक

या क्षेत्रात विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने टोकामॅक, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कोंडणारे कड्याच्या आकाराचे यंत्र, चालवायला मिळणे दुर्मीळ. प्रागच्या चेक तांत्रिक विद्यापीठातील गोलेम त्यासाठीच ठेवला आहे. १९६०च्या दशकात मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत टीएम-१ या नावाने चाललेले हे यंत्र पुढे प्रागला आले, कॅस्टर झाले आणि अखेर विद्यापीठाकडे गोलेम या नावाने पोहोचले. मोठी त्रिज्या ०.४ मीटर, प्लाझ्माची त्रिज्या ८.५ सेंटिमीटर. एक शॉट, म्हणजे प्लाझ्माची एक खेप, काही मिलिसेकंदांचा, फार तर वीस-पंचवीस. तो दूरवरूनही, इंटरनेटवरून चालवता येतो.

शॉटपूर्वी निर्वातपात्र तापवून आणि ग्लो डिस्चार्जने (कमी दाबाच्या वायूतल्या विद्युतविसर्गाने) भिंतीवरचे पाणी व इतर अशुद्धी काढतात. मग थोडा हायड्रोजन सोडायचा, टोरॉइडल (कड्याच्या लांबीने जाणाऱ्या) चुंबकीय क्षेत्राची आणि प्लाझ्मा-प्रवाहाची कपॅसिटर बँक ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत भारित करायची, दोन्हींच्या ट्रिगरमधले अंतर ठरवायचे. आधी टोरॉइडल क्षेत्र पुरेसे चढले पाहिजे, मग प्रवाह. अंतर फार कमी ठेवले तर वायूचे आयनीभवन होऊनही प्लाझ्मा टिकत नाही. वायूचा दाब फार कमी वा फार जास्त असला तर शॉट पेटतच नाही. पेटला की लूप व्होल्टेज (कड्याभोवतीचे प्रेरित व्होल्टेज) एकदम खाली येते आणि फोटोडायोडचा संकेत उसळतो. या दोन खुणा एकत्र दिसल्या तरच प्लाझ्मा झाला असे धरावे.

खरी परीक्षा नंतर, नोंदी वाचताना होते. रोगोव्हस्की कॉइल प्रवाहाचा बदलदर मोजते, प्रवाह नव्हे, म्हणून तिच्या संकेताचे संकलन करावे लागते. शॉटच्या आधीच्या शांत भागातला ऑफसेट वजा केला नाही तर संकलनात तो साचत जातो आणि प्लाझ्मा विझल्यावरही प्रवाह चढताना दिसतो. दुसरी चूक याहून फसवी. कॉइल निर्वातपात्राच्या बाहेरून असल्याने तिच्यात पात्राच्या धातूतला प्रवाहही येतो. पात्राचा रोध सुमारे १० मिलिओहम आहे, तेव्हा लूप व्होल्टेज १० व्होल्ट असताना एकट्या भिंतीतून साधारण १ किलोअँपिअर वाहतो. म्हणून वायू न सोडता एक रिकामा शॉट घ्यायचा, त्यावरून रोध काढायचा आणि भिंतीचा वाटा वजा करायचा. कॉइलने ४ किलोअँपिअर दाखवला तर प्लाझ्मातला खरा प्रवाह ३च असतो. प्लाझ्माचा रोध तापमानाशी जोडणाऱ्या स्पिट्झरच्या सूत्रानुसार इलेक्ट्रॉन तापमान प्रवाह भागिले व्होल्टेज या गुणोत्तराच्या दोन-तृतीयांश घातावर अवलंबून असते. म्हणजे ही एक वजाबाकी विसरली तर तापमान सुमारे २१ टक्के फुगून येते, आणि आलेख मात्र अगदी नीटस दिसतो.

त्याच नोंदींतून सुरक्षा गुणांक (चुंबकीय रेषा प्लाझ्माच्या छेदाभोवती एक फेरी घेईपर्यंत कड्याभोवती किती फेऱ्या घेते ती संख्या) काढता येतो. प्रवाह ४ किलोअँपिअर आणि टोरॉइडल क्षेत्र ०.३ टेस्ला असेल तर प्लाझ्माच्या कडेला पोलॉइडल (छेदाभोवती फिरणारे) क्षेत्र सुमारे ०.००९४ टेस्ला येते, आणि गुणांक ७च्या जरा खाली. घनता मात्र भरलेल्या वायूच्या दाबावरून काढली तर ती खालची मर्यादा समजावी, कारण शॉट चालू असताना भिंतही वायू सोडत असते.

विद्यापीठांची निवड

प्रबंध कोणत्या यंत्रावर करायचा ते आधी ठरवावे आणि त्यावरून विद्यापीठ निवडावे. बहुतेक जण शहर पाहून निवडतात आणि दुसऱ्या वर्षी अडकतात. स्टुटगार्टमधील टीजे-के या यंत्रात प्लाझ्मा थंड असल्याने प्रोब (मापनाची सळई) थेट आत घालून विक्षोभाचा (टर्ब्युलन्सचा) अभ्यास करता येतो. एक्स-मार्सेयजवळच्या कादाराशमध्ये वेस्ट टोकामॅक आहे. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याने १,३३७ सेकंद प्लाझ्मा टिकवला. कुंपणापलीकडे इटर या आंतरराष्ट्रीय संमीलन प्रकल्पाचे बांधकाम चालू आहे. पण कादाराश हे कडक सुरक्षाव्यवस्थेचे आण्विक केंद्र आहे. परदेशी विद्यार्थ्याला प्रवेशाची मंजुरी आधी काढावी लागते आणि तिला बराच अवधी लागतो. प्रबंधाचा विषय तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच ठरवणे म्हणूनच शहाणपणाचे.

अर्ज, शिष्यवृत्ती, व्हिसा

सध्याच्या इरास्मुस मुंडुस चौकटीत शिष्यवृत्ती दरमहा १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. प्रवास, व्हिसा आणि राहण्याचा खर्च त्यातूनच भागवायचा. शिष्यवृत्तीधारकाला शिक्षणशुल्क पडत नाही. पूर्वी ही शिष्यवृत्ती घेतलेल्याला ती पुन्हा मिळत नाही. महाराष्ट्रातील अर्जदारांनी दोन गोष्टी लवकर पाहाव्यात. तीन वर्षांची बी.एस्सी. प्रवेशाला पुरेशी आहे का, हे निवडलेल्या विद्यापीठाच्या नियमांत तपासून घ्यावे. आणि विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट मिळायला वेळ लागतो, ते अर्जाची मुदत जाहीर होण्याची वाट न पाहता मागवून ठेवावे.

फ्रान्सचा दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. तो राहिला तर पुढचे सगळे कागद अडतात. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना नोव्हेंबर २०२२पासून सहसा एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे) लागते. दुसऱ्या देशात जाताना युरोपीय संघाच्या २०१६/८०१ क्रमांकाच्या निर्देशाचा उपयोग होतो: संयुक्त अभ्यासक्रमातला विद्यार्थी पहिल्या देशाच्या परवान्यावर दुसऱ्या सदस्य देशात ३६० दिवसांपर्यंत शिकू शकतो. अट एवढीच की पहिल्या देशाचा परवाना त्या काळात चालू असला पाहिजे, आणि नूतनीकरणाच्या रांगेत नेमका तोच संपतो. मुदतीच्या दोन-तीन महिने आधी अर्ज टाकावा आणि पोचपावती जपून ठेवावी.

पदवीनंतर

बहुतेक पदवीधर पीएच.डी.कडे वळतात. भारतात परतणाऱ्यांसाठी मुख्य ठिकाण म्हणजे गांधीनगरजवळ भाट येथील प्लाझ्मा अनुसंधान संस्थान. तिथे १९८९मध्ये आदित्य टोकामॅक सुरू झाला, आता तो आदित्य-यू या सुधारित रूपात आहे, आणि अतिवाहक चुंबकांचा एसएसटी-१ही तिथलाच. या संस्थेतल्या संशोधकांना पीएच.डी. पदवी मुंबईतील होमी भाभा राष्ट्रीय संस्थान देते. इटरचा क्रायोस्टॅट (यंत्राला वेढणारे प्रचंड निर्वातपात्र) भारताचा वाटा आहे. लार्सन अँड टुब्रोने त्याचे भाग गुजरातमधील हझिरा येथे घडवले आणि सुमारे १,२५० टनांचा त्याचा तळ मे २०२०मध्ये कादाराशच्या खड्ड्यात उतरवला गेला. वेल्डिंग, निर्वातगळतीची चाचणी, क्रायोजेनिक्स यांत हात बसलेल्या अभियंत्यांना अशा कामांत मागणी असते, तेव्हा दुसऱ्या वर्षाचे ऐच्छिक विषय निवडताना या बाजूचा विचार जरूर करावा.