किशोरवयीनांचा माध्यमवापर आणि अध्यापन

साधारण १३ ते १८ वयाच्या मुलामुलींचा मोबाइल, समाजमाध्यमे, व्हिडिओ आणि गेम यांच्याशी रोज येणारा संबंध आणि त्याचे वर्गातील शिकवण्यावर होणारे परिणाम, हा शिक्षणशास्त्र व माध्यम-अभ्यास या दोन्हींत मोडणारा विषय. मुले फोनवर किती वेळ घालवतात, एवढ्यावरच त्याची चर्चा बहुधा अडकते. शिक्षकाला मात्र त्या वेळात ती काय करतात आणि त्यांना काय जमत नाही, हे कळणे अधिक गरजेचे आहे.

शिक्षणावर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये ‘डिजिटल नेटिव्ह’ ही कल्पना मांडली. या पिढीला तंत्रज्ञान जन्मापासूनच अवगत असते, असा तिचा सूर होता. ती फार लोकप्रिय झाली. टिकली मात्र नाही. शिक्षणक्षेत्रातील ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २०२३ साली २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांमधल्या १४ ते १८ वयोगटाला प्रत्यक्ष फोनवर कामे करायला सांगितली गेली. यूट्यूबवर सांगितलेला व्हिडिओ शोधणे बहुतेकांना जमले आणि सापडलेला व्हिडिओ मित्राला पाठवणे तर हातचा मळ. गूगल मॅपवर एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला किती वेळ लागेल हे काढणे मात्र एक-तृतीयांशाहून थोड्याच जास्त जणांना साधले.

याच पाहणीतला दुसरा आकडा शिक्षकांनी जास्त लक्षात ठेवावा. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. म्हणजे वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारी टाकलेला गृहपाठ अनेक मुलींपर्यंत बाबा किंवा दादा घरी आल्यावर पोहोचतो, तोही डेटा शिल्लक असेल तर. घरी फोन आहे, एवढ्यावरून तो मुलीच्या हातात आहे असे धरून चालत नाही.

अमेरिकेत मिझुको इटो आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २००८ या काळात केलेल्या अभ्यासात किशोरांच्या वापराचे तीन प्रकार दिसले: मित्रांसोबत नुसते रमणे, सहज चाळा म्हणून काहीतरी करून पाहणे आणि एखाद्या विषयाचा नाद लागून त्यात खोल शिरणे. रील एडिट करता करता आवाज आणि दृश्य जुळवायला शिकणारी मुलगी दुसऱ्या प्रकारात येते. शाळेला हे शिक्षण सहसा दिसतच नाही, कारण त्याला गुण नाहीत.

माहिती खरी की खोटी हे पारखण्याचे कौशल्य मात्र असे आपोआप येत नाही. स्टॅनफर्डमधील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांची तुलना केली. विद्यार्थी, आणि कित्येक इतिहासकारही, वेबसाइटचा लोगो, मांडणी पाहून फसले. तपासनीसांनी ते पान लगेच सोडून दुसऱ्या टॅबमध्ये त्या संस्थेची माहिती काढली. ही सवय लावायला महागडी साधने लागत नाहीत. ‘युनेस्कोने जन गण मन हे जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवले’ हा जुना, खोटा फॉरवर्ड फळ्यावर लिहावा आणि वर्गाला विचारावे: हे कुणी म्हटले, युनेस्को असे क्रमांक लावते का, मूळ बातमी कुठे आहे? मजकूर अभिमानाचा असल्याने तो तपासताना मुले अडखळतात, म्हणूनच तो उदाहरण म्हणून चांगला. केरळच्या कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्ये प्रशासनाने सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले होते.

महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्या प्रयोगानंतर पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. कोड स्कॅन केल्यावर दिसणारा व्हिडिओ धडाच पुन्हा वाचून दाखवणारा असेल तर मुले तो पुढे सरकवतात, हे सांगायला पाहणीची गरज नाही. उलट टोकाला सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव आहे: २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घराघरांत दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे ठरले. या उपक्रमाची जमेची बाजू अशी की नियम मोठ्यांनाही लागू आहे.

सरसकट बंदीकडेही काही देश वळले आहेत. फ्रान्सने २०१८ मध्ये साधारण १५ वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना शाळेत मोबाइल वापरण्यास मनाई केली. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. विद्यार्थ्यांना एखादे नवे ॲप घ्यायला सांगताना शाळांनी ही तरतूद आधी पाहावी.