निळी रेषा, लाल रेषा

पुण्यात नदीकाठी फ्लॅट बघायला गेलं की एक प्रश्न हमखास निघतो : बिल्डिंग निळ्या पूररेषेच्या आत आहे की बाहेर? ‘बाहेर’ असं उत्तर मिळालं की घेणारा निर्धास्त होतो. पण ही रेषा आखतात कशी, हे एकदा समजून घ्यायलाच हवं.

नदीपात्रापासून निळ्या पूररेषेपर्यंतचा पट्टा बांधकामासाठी निषिद्ध क्षेत्र, तर निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित क्षेत्र. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इथेच मोठा गैरसमज होतो. मोठा पूर येऊन गेला, आता 24 वर्षं चिंता नाही, असं अनेकांना वाटतं. नदी असा हिशेब ठेवत नाही. ‘25 वर्षांतून एकदा’ याचा अर्थ, तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता दर वर्षी 4 टक्के. गेल्या वर्षी आला असला तरी यंदा पुन्हा 4 टक्केच. घराचं कर्ज 30 वर्षांचं असेल, तर तेवढ्या काळात पाणी निदान एकदा निळ्या रेषेला टेकण्याची शक्यता 70 टक्क्यांच्या आसपास जाते. लाल रेषेसाठीही ती 26 टक्के भरते.

आता आकडा कुठून येतो ते बघू. दर वर्षीचा सर्वांत मोठा विसर्ग, म्हणजे नदीतून सेकंदाला वाहणारं पाणी, घ्यायचा आणि उतरत्या क्रमाने मांडायचा. समजा 50 वर्षांच्या नोंदी आहेत. 50 मध्ये एक मिळवून क्रमांकाने भागायचं : दुसऱ्या क्रमांकाचा पूर 51 भागिले 2, म्हणजे साधारण 25 वर्षांचा ठरतो. शंभर वर्षांचा पूर मात्र या यादीत सापडतच नाही. या आकड्यांचा आलेख काढून, तो पुढे वाढवून त्याचा अंदाज बांधावा लागतो. म्हणजे लाल रेषा अनेकदा प्रत्यक्ष नोंदींच्या पलीकडची असते, आणि नोंदी जितक्या कमी वर्षांच्या, तितका अंदाज कच्चा.

विसर्ग ठरला की पाणी कुठवर चढेल हे पात्राच्या आकारावर अवलंबून. पात्रात राडारोडा टाकला, भराव घातला की तेवढंच पाणी जास्त उंची गाठतं. आजूबाजूच्या जमिनीवर सिमेंट-डांबर वाढलं की पाऊस जमिनीत न मुरता ओढ्यांतून थेट नदीत येतो. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासला धरणातून सोडलेला विसर्ग 35 हजार क्युसेकच्या घरात होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. हे झालं सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. शिवाय धरणाच्या खाली शहरात पडलेल्या पावसाचं पाणी वेगळंच. धरणाच्या विसर्गात ते मोजलेलं नसतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने जे नुकसान केलं, ते अशाच पावसाने.

12 जुलै 1961 ची गोष्ट आणखी निराळी. त्या दिवशी पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासलाही फुटलं. बांध फुटून येणारा लोंढा पावसाच्या नोंदींवर बेतलेल्या हिशेबात बसत नाही. त्यासाठी धरणफुटीचा वेगळा अभ्यास करावा लागतो.

म्हणून नकाशावर रेषा दाखवली की माझा पुढचा प्रश्न असतो : ही कोणत्या वर्षीच्या मोजणीवरून आखली, किती क्युसेक धरून, आणि त्यानंतर इथलं पात्र पुन्हा मोजलंय का?